एक लिटर, जाऊन-येऊन

“एका वेळी एकच नट फिरवायचा,” असं काका म्हणायचे, आणि म्हणताना उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट हवेत किंचित फिरवायचे. समोर नट असण्याची गरज नसे.

काका कामतघरला आमच्या शेजारच्या चाळीत राहायचे. चाळीस वर्षं त्यांनी भिवंडीच्या पॉवरलूमवर जॉबर म्हणून काढली होती. जॉबर म्हणजे लूम बिघडला की तो ठीक करणारा माणूस. त्यांचं म्हणणं असं, की लूम नीट चालत नसेल तर एक नट फिरवावा, लूम चालवून बघावा आणि मगच दुसऱ्याला हात लावावा. दोन एकदम फिरवले तर लूम सुधारेलही, पण कशाने सुधारला हे देवालासुद्धा सांगता येणार नाही. हा नियम त्यांनी सगळ्या आयुष्याला लावला होता. डॉक्टरांनी तीन गोळ्या लिहून दिल्या तर पहिल्या दिवशी ते एकच घेत आणि आजार काय म्हणतो ते बघत.

त्यांच्याकडे शंभर सीसीची जुनी मोटरसायकल होती. दर रविवारी ते तिच्यावरून गणेशपुरीजवळच्या एका खेड्यात थोरल्या बहिणीकडे जात आणि संध्याकाळी परत येत. बहिणीचा नवरा गेलेला, मूलबाळ नाही, थोडी भातशेती. तिला सगळे बाय म्हणतात, काकाही आणि मीही. काकांच्या मागच्या सीटवर मी असे. माझं तिकडे कुणी नव्हतं. पण रविवारी घरी थांबलो की बायको माळा आवरायला काढायची, म्हणून मी जायचो.

अशात पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे स्टिकर लागले. तुमच्याही गल्लीत तेव्हा जे झालं असेल तेच आमच्या गल्लीत झालं. कालपर्यंत ज्यांना कार्बोरेटर कुठल्या बाजूला असतो हे ठाऊक नव्हतं ते इंजिनाच्या पोटाविषयी बोलू लागले. समोरच्या लूमवर काम करणारा एक जण काकांना म्हणाला, “चाचा, गन्ने का तेल है. टंकी में चींटी लगेगी.” काका शांतपणे उठले, टाकीचं झाकण उघडून उन्हात आत डोकावले आणि परत येऊन बसले. “चींटी नहीं है,” ते म्हणाले.

त्यांना कुणी विचारलं की हे पेट्रोल चांगलं की वाईट, तर ते दोन्ही सांगत, आणि दोन्ही एकाच सुरात. पूर्वी चढावावर इंजिन ठोकायचं ते आता कमी ठोकतं. धुराचा वासही कमी येतो. ऊसवाल्याला, मकावाल्याला दोन पैसे मिळतात, बाहेरून तेवढं तेल कमी आणावं लागतं. पण त्यात ताकद कमी, म्हणून तेवढ्याच रस्त्याला जास्त जळतं. जुन्या गाडीचे रबरी पाइप फुगतात. हवेतलं पाणी ते ओढून घेतं, त्यामुळे गाडी फार दिवस उभी ठेवू नये. “देशाचा फायदा आहे, माझ्या पाइपचा तोटा आहे,” काका म्हणत. ऐकणाऱ्याला एकच बाजू हवी असायची, त्यामुळे तो निराश होऊन जायचा.

त्यांचा मुलगा कल्याणला असतो. तो आला आणि म्हणाला, “बाबा, हे नवीन पेट्रोल तुमच्या गाडीला खाऊन टाकणार. आत्ताच विका.” मुलगा समजूतदार आहे. त्याला पेट्रोलची काही पडलेली नव्हती. त्याला भीती होती ती त्या रस्त्यावरून गोदामांकडे जाणाऱ्या कंटेनरची आणि बापाच्या सत्तरीला आलेल्या डोळ्यांची. पण बापाला तोंडावर म्हातारा कसं म्हणणार? म्हणून त्याने इथेनॉल पुढे केलं.

काकांनी पैज घेतली. दिवाळीनंतर वर्षातून एकदा ते मायलेज मोजत, तेही स्वतःच्या पद्धतीने. टाकी रिकामी करायची, मापाने बरोबर एक लिटर भरायचं आणि निघायचं. एका लिटरात आमची जाऊन-येऊन फेरी व्हायची आणि गाडी चाळीच्या तोंडाशी येऊन बंद पडायची. आता नव्या पेट्रोलवर काय होतं ते होळीपर्यंत दर रविवारी बघायचं. येताना नदी नाक्याचा पूल लागतो. होळीआधीच्या शेवटच्या रविवारी गाडी पूल ओलांडून आली तर गाडी राहणार आणि मुलाने पुन्हा हा विषय काढायचा नाही. पुलाच्या पलीकडेच बंद पडली तर गाडी विकायची.

तयारी कसून झाली. पाइप आणि वॉशर आधीच नवे घातले आणि त्यांनी काही फरक पडत नाही ना ते दोन रविवार तपासलं. खड्ड्यांची चिंता नव्हती. त्या रस्त्याचे खड्डे बदलणार नाहीत याची काकांना खात्री होती. राहिलो मी. मला ते एका लूमच्या शेडमध्ये घेऊन गेले आणि सुताच्या गोण्या तोलायच्या काट्यावर उभं केलं. कामगार लूम सोडून बघायला आले. “चौऱ्याहत्तर,” काकांनी वहीत लिहिलं. “पुन्हा तोलायची गरज नाही. पन्नाशी आली, नोकरी पक्की, लग्न झालेलं. तू आता काय बदलणार?” माझं असं थोडक्यात वर्णन दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

मांडीवर जास्तीच्या पेट्रोलचा छोटा कॅन धरणं हे माझं काम होतं. गाडी बंद पडली की त्यातलं ओतून घरी यायचं. पहिल्या रविवारी गाडी पूल ओलांडून पुढे आली आणि थांबली. चाळीपर्यंत आली नाही, पण आली. मायलेज घटलं होतं, तरी पैज शाबूत होती. काका उतरले, मागे पुलाकडे पाहिलं आणि म्हणाले, “जेवढं घटायला पाहिजे तेवढंच घटलं.” चेहऱ्यावर फार आनंद दाखवायची त्यांची पद्धत नव्हती, पण घरी येईपर्यंत ते शीळ घालत होते.

आता बायबद्दल सांगायला हवं. तिच्याकडे गेलं की तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं आणि सुकट असे. तिचा भाऊ दोन भाकऱ्यांवर थांबायचा. मी थांबलो की ती म्हणायची, “जेव ना रं, लाजतंस कशाला? घरी काय कोन देतं का न्हाय?” माझ्या घरी व्यवस्थित देतात. पण तिच्या चुलीपुढे बसून नाही म्हणणं मला कधी जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी फार प्रयत्नही केला नाही.

गाडी हळूहळू मागे सरकू लागली. पूल ओलांडून थांबायची ती पुलाच्या तोंडाशी थांबू लागली, मग पुलावर. काका वहीत लिहीत राहिले. पेट्रोल तर तेच होतं. दर आठवड्याला ते थोडं थोडं वाईट कसं होईल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी परतताना अंबाडीच्या अलीकडे दिवेलागणीला एक ट्रेलर रस्त्याच्या कडेला उभा होता. मागचे दिवे बंद. मला वाटलं, काका बघून बाजूने घेतील. ते घेईनात. मी त्यांचा खांदा जोरात दाबला तेव्हा त्यांनी ब्रेक मारला. ट्रेलर हाताने शिवता आला असता इतका जवळ होता. “धूळ फार आहे,” काका म्हणाले. धूळ नव्हती. मी घरी कुणाला काही सांगितलं नाही.

शेवटच्या रविवाराआधी गुरुवारी आमच्या गोदामात डॉक्टर आले होते. मी तिथे सुपरवायझर आहे. सगळ्यांबरोबर माझीही तपासणी झाली. वजन ब्याऐंशी किलो. डॉक्टर म्हणाले, भात-भाकरी कमी करा. मी काट्यावरून खाली उतरलो आणि मला नदी नाक्याचा पूल दिसला. आम्ही पेट्रोल मोजत होतो आणि दुसरा नट मीच फिरवत होतो.

रविवारी मुलगा कल्याणहून येऊन पुलाच्या या टोकाला उभा राहिला. त्या दिवशी मी बायकडे एकच भाकरी खाल्ली. एका जेवणाने काय होणार होतं! येताना पूल समोर दिसायला लागला तसा मी श्वास आत ओढून बसलो, त्यानेही काही झालं नाही. पूल लागायच्या आधीच पंक्चरवाल्याच्या टपरीसमोर गाडीने दोन गचके दिले आणि ती थांबली.

मुलगा पूल ओलांडून चालत आला. त्याला जिंकल्याचा आनंद झालेला दिसत नव्हता. बोलायची वेळ हीच होती. आठ किलो वाढलो, मोजणी चुकली, पुन्हा करा, एवढंच म्हणायचं होतं. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण मला तो ट्रेलर आठवला, आणि मी कॅन घट्ट धरून गप्प उभा राहिलो. काकांनी एकदा पुलाकडे पाहिलं, किल्ली काढून मुलाच्या हातात दिली आणि म्हणाले, “विक.”

त्यानंतर ते एसटीने जाऊ लागले. मीही बरोबर जायचो, कारण माझं मन मला खात होतं. असेच एकदा बसमध्ये शेजारी बसलो असताना मी बोलून टाकलं. माझं वजन वाढलं होतं, मला माहीत होतं आणि मी लपवलं.

“ठाऊक आहे,” काका म्हणाले. “संक्रांतीला मी मागचा शॉकअप एक खाच वर घेतला. गाडी मागून बसायला लागली होती.”

“मग पुलावर बोलला का नाहीत?”

“तू का नाही बोललास?”

बस अंबाडीला थांबली, माणसं चढली-उतरली. बस सुटल्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तो ट्रेलर तुला दिसला, मला नाही. पोराला ते सांगितलं असतं तर त्याने मला चालायलाही बाहेर सोडलं नसतं. त्यापेक्षा पेट्रोलवर टाकलं. पेट्रोल काय भांडायला येतं?”

बायलाही त्यांनी पेट्रोलचंच कारण सांगून ठेवलं होतं.

एसटीच्या पायऱ्या त्यांच्या गुडघ्यांना उंच पडत. दर रविवारचं एक रविवार आड झालं, मग महिन्यातून एकदा, मग पावसाळ्यात बंदच पडलं. दिवाळीच्या सुमारास ते कल्याणला मुलाकडे असताना झोपेतच गेले. मी कुठल्याही माणसाबरोबर इतका प्रवास केलेला नाही. त्यातला बहुतेक मी त्यांची पाठ बघत केला, आणि ती पाठ मला फार आठवते. गप्प राहिलो हे बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गाडी असती तर ते अजून कितीतरी रविवार बायकडे गेले असते. किंवा एका रविवारी पोचलेच नसते.

बायकडे मी अजून जातो. परवा गेलो तेव्हा गावातला एक जण नवी स्कूटर दाखवायला तिच्या अंगणात आला होता. बायने स्कूटरला हात लावून बघितला आणि म्हणाली, “त्या सरकारी पेट्रोलपासून जप. माज्या भावाची चांगली गाडी खाल्ली त्यानं.” तो हसला. म्हणाला, “बाय, तसं काय नसतं. लोक उगाच बोलतात.”

बाय माझ्याकडे वळली. “तू सांग याला. तू तर मागं बसलेला व्हतास. पेट्रोलनंच झालं ना? न्हायतर माजा भाव एक रविवार चुकवनारा न्हाय.”

“पेट्रोलनंच, बाय,” मी म्हणालो.