दुपारची टी-टी

पांढरकवड्याच्या रजनीताईंच्या घरी कॉम्प्युटर आला, तेव्हा नणंदेनं तोंडावरच विचारलं होतं, "आता या वयात हे खेळणं कायले?"

रजनीताईंना ते खेळणं नव्हतं. लग्नाआधी मराठी टायपिंगच्या तीसच्या आणि चाळीसच्या, दोन्ही परीक्षा पास झालेली बाई ती. नोकरी लागायच्या आत लग्न लागलं आणि ती बोटं कणकेत गेली. पुढं मुलगा, क्षितिज, पुण्याला नोकरीला लागला आणि आपला जुना कॉम्प्युटर, वीज गेली तरी तो थोडा वेळ चालवणाऱ्या बॅटरीच्या डब्यासकट, आईच्या बैठकीत आणून ठेवून गेला. कीबोर्ड समोर आला आणि रजनीताईंची बोटं न विचारता आपापल्या जागी जाऊन बसली. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

बसस्टँडजवळ अवधूतचा छापखाना होता. कापसाचे ते वाईट दिवस. पूर्वी तीन घड्यांच्या, सोनेरी गणपतीच्या पत्रिका निघत. आता लोक एका कागदावर आले होते. "गणपती लहान घ्या, म्हणजे मामांची नावं बसतील," असं गिऱ्हाईक स्वतःच सांगे. मुहूर्तसुद्धा चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचा पैसा, हाती आल्यावर निघायचे, आणि निघाले की पत्रिका उद्याच्या उद्या हवी असायची. अवधूतला कंपोझिंगचा माणूस ठेवणं परवडेना. त्यानं ते काम रजनीताईंकडं दिलं. शुद्धलेखनाची एक चूक नाही, आणि माणूस घरचा. पहिल्या कमाईत रजनीताईंनी दुसरं काही घेतलं नाही, टेकायला चांगली खुर्ची घेतली.

अडचण एकच होती. कॉम्प्युटर झोपायचा आणि उठायचा नाही.

क्षितिजनं जाताना समजावलं होतं, "आई, तू उठून गेलीस की तो थोड्या वेळानं आपोआप झोपतो. केलेलं काम जसंच्या तसं राहतं. परत येऊन कुठलंही बटण दाब, जागा होतो." रजनीताईंना ही सोय फार आवडली होती. दूध उतू जायला आलं की उठावं, परत यावं, तर पत्रिका थांबलेली तिथंच. सकाळी तसंच व्हायचं. पण दुपारी जेवणखाण, भांडी आटोपून, जरा पाठ टेकून परत यावं, तर पडदा काळा. बटणं दाबून बोटं दुखली तरी हूं नाही की चूं नाही. शेवटी मोठं बटण दाबायचं, की तो नव्यानं जन्माला आल्यासारखा सुरू व्हायचा, आणि पत्रिका गायब. असं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी अवधूत दारात उभा राहूनच म्हणाला, "काकू, राग नका मानू. आता पुन्हा असं झालं, तर मले काम यवतमाळले द्या लागंन. गिऱ्हाईक थांबून नाही राह्यत."

रजनीताईंनी पुण्याला फोन लावला.

"तो झोपेतच मरतो रे," त्या म्हणाल्या.

"झोपेत कोणी मरत नाही, आई. समोरचा हिरवा दिवा लुकलुकत असतो का?"

"नाही. दिवाच नसतो."

"मग तो झोपलेला नाही, बंद झालेला आहे. झोपलेल्याचा दिवा लुकलुकतो. कोणी बंद तर करत नाही ना?"

"घरात कोण आहे? मी आणि तुझे बाबा. ते त्याला फडक्यानंसुद्धा शिवत नाहीत."

"बरं, सेव्ह तरी करत जा गं मधूनमधून."

"अर्धवट काम मी डब्यात भरत नाही," रजनीताई म्हणाल्या. लाडू गार झाल्याशिवाय डब्यात जात नाही, हा त्यांच्या घरचा कायदा होता. तोच त्यांनी इथंही लावला होता. पत्रिका पूर्ण व्हावी, जरा वेळानं ताज्या डोळ्यांनी एकदा वाचावी, मग ठेवावी.

फोन ठेवून त्यांनी नवऱ्याला विचारलं. श्रीकृष्णराव तहसीलातून निवृत्त झालेले. ओसरीवर पेपर वाचत होते.

"तुम्ही कॉम्प्युटरला हात लावला का हो कधी?"

"मी कायले हात लावू? तो तुझा विभाग."

खरंच होतं. त्यांचा विभाग म्हणजे घरातली लाईन, वीज. त्या वर्षी लाईन दिवसातून किती तास जाईल याला ताळ नव्हता, आणि परत येताना ती माजलेली यायची. शेजारचा फ्रीज तसाच जळाला होता. म्हणून लाईन गेली की श्रीकृष्णराव उठायचे, फ्रीज, टीव्ही, कूलर, एकेक बटण बंद करत घरभर फिरायचे. आली की व्होल्टेज बसेपर्यंत थांबायचे आणि पुन्हा सगळं जिथल्या तिथं चालू करायचे. निवृत्तीनंतर एवढं एक काम त्यांनी सोडलं नव्हतं.

त्याच दिवशी बारा वाजता अवधूतनं लखीरामला घरी पाठवलं. लखीराम जवळच्या बंजारा तांड्यावरचा शेतकरी. त्याच्या मुलीचं, वर्षाचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. खांद्यावरचा दुपट्टा सावरत तो खुर्चीच्या टोकावर बसला.

"नावं आणलीत लिहून?" रजनीताईंनी विचारलं.

"लेहून कायचं, बाई! सकाळी नाईकाच्या ओट्यावर बसून ठरलं, कोणाचं नाव आधी न् कोणाचं मागून. सारं डोक्यात हाय. तुम्ही मारा, मी सांगतो."

वर 'जय सेवालाल' आलं. मग तांड्याचे नाईक, मग कारभारी, मग काका, मामा, भाऊबंद. लखीराम डोळे मिटून सांगत होता आणि रजनीताईंची बोटं त्याच्या मागं मागं पळत होती. मध्येच तो थांबला. "आमच्या याडीचं, मायचं नाव टाका. भुरीबाई. आशीर्वादात पहिलं."

"पहिलं? नाईकांच्याही आधी?"

"ते म्हणते, नाईकाले म्या नागडा पाह्यला, लहानपणी. तो माह्यानंतर."

रजनीताई इतक्या हसल्या की श्रीकृष्णराव ओसरीवरून डोकावले. लखीरामनं चहा घेतला आणि उठला. "मी निघतो आता फुलसावंगीले, मामाकडं. दोन दिवस तिकडंच. पत्रिका आज अवधूतभाऊकडं गेली पाह्यजे बाई, उद्या पोरं वाटाले निघून राह्यले."

म्हणजे ती सगळी नावं आता दोनच ठिकाणी होती. एक लखीरामच्या डोक्यात, आणि ते फुलसावंगीच्या गाडीत बसलेलं. दुसरं कॉम्प्युटरमध्ये.

रजनीताईंनी दोघांची ताटं केली, झाकपाक केली. पडदा काळा झाला होता, पण हिरवा दिवा लुकलुकत होता. श्वास चालू आहे, त्या मनात म्हणाल्या. सेव्ह करावं असं एकदा वाटलं. पण एक वाचन राहिलंच होतं. पहाटे पाचपासून पाय जमिनीला लागले नव्हते. जरा पडते, मग वाचते, मग ठेवते, असं म्हणून त्या बैठकीतल्या दिवाणावर आडव्या झाल्या. एरवी त्या आत पलंगावर झोपायच्या. आज कामाजवळच राहावं वाटलं.

लाईन गेली, पंखा थांबला तशी झोप चाळवली. टेबलाखालचा बॅटरीचा डबा ओरडायला लागला. टी... टी... अर्धवट मिटल्या डोळ्यांनी त्यांनी पाहिलं. श्रीकृष्णराव चपला काढून, चवड्यांवर, चोरासारखे आत येत होते. एकदा दिवाणाकडं बघितलं, गुडघ्यावर हात देऊन खाली वाकले आणि डब्याच्या बटणाकडं बोट नेलं.

"अहो!" रजनीताई एवढ्या जोरानं ओरडल्या की ते टेबलाला डोकं आपटून उभे राहिले.

"काय झालं? साप?"

"हात लावू नका त्याला! रोज तुम्हीच करता का हे?"

"काय करतो मी?"

"डबा बंद!"

"मग? ते बोंबलून राह्यतं ना. तुझी झोप मोडते. पाच वाजेपासून राबून राह्यली तू, दुपारचा डोळा लागतो घडीभर. अन् पडद्यावर तर काहीच नसतं, सगळं बंदच असतं."

"मी विचारलं तेव्हा नाही म्हणालात!"

"तू कॉम्प्युटरचं विचारलं. हा तर डबा हाय. हा लाईनीचा."

रजनीताईंकडं यावर उत्तर होतं, पण वेळ नव्हता. डब्यातली बॅटरी संपत आली होती, टी-टी भराभर व्हायला लागली होती. त्यांनी धावत जाऊन बटण दाबलं. पडदा काळाच. "ऊठ रे बाप्पा," त्या म्हणाल्या. आत काहीतरी घरघरलं, काच हळूहळू उजळली आणि 'जय सेवालाल' दिसलं. खाली भुरीबाई, त्याखाली नाईक, सगळी मंडळी जागच्या जागी. सेव्हचं बटण दाबलं, तर कॉम्प्युटरनं नाव विचारलं.

"काय नाव देऊ?"

"विषय न् दिनांक टाक," श्रीकृष्णराव मागून म्हणाले.

"दिनांक नको, जीव चाललाय इकडं!" त्यांनी 'वर्षा' एवढंच मारलं. पत्रिका आत गेली. नीट बंद करेपर्यंत टी-टीची एक लांब किंकाळी झाली आणि सगळं गप्प झालं.

श्रीकृष्णराव कपाळावरचं टेंगूळ चोळत होते.

"म्हणजे मागच्या दोन पत्रिका..." ते हळूच म्हणाले.

"तुम्हीच."

"अवधूत बोलला तुला, तेव्हा मी ओसरीवर होतो." एवढं म्हणून त्यांनी पायात चपला सरकवल्या. मग म्हणाले, "मी जातो त्याच्याकडं. सांगतो, चूक माझी होती."

"काही नको. पत्रिका घेऊन जा, तेवढं पुरे."

लाईन साडेपाचला आली. रजनीताईंनी पत्रिका वाचली. एक काना राहिला होता, तो दिला. श्रीकृष्णराव सायकलवर छापखान्यात देऊन आले, आणि येताना अवधूतकडून दुसरं काम घेऊन आले. नको म्हटलं होतं, तरी चूक आपली होती हेही ते सांगून आलेच होते. अवधूत हसला म्हणे.

"उद्यापासून ते वाजलं तर काय करायचं मी?" जेवताना त्यांनी विचारलं.

"बंद नाही करायचं. मला उठवायचं."

"तुला?" श्रीकृष्णरावांचा घास हातातच राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला कधी उठवलंच नव्हतं. ते उठायचे तेव्हा चहा झालेला असायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईन गेली. टी-टी सुरू झाली. रजनीताईंना कळलं होतं, पण त्या डोळे मिटून पडून राहिल्या. बघू तर खरं. श्रीकृष्णराव आले. दिवाणाशी उभे राहिले. एकदा खाकरले. हात पुढं केला, मागं घेतला. मग साहेबाच्या केबिनबाहेर उभं राहावं तसं, भिंतीतल्या कपाटाच्या दारावर दोन बोटांनी टकटक केलं आणि हळूच म्हणाले, "बाई... उठता का? डबा बोलावून राह्यला तुम्हाला."