काळी गोगलगाय कल्ले उघडेपर्यंत

मंगळूरच्या एका शाळेतल्या बाई मुलांसाठी किनाऱ्यावरच्या प्राण्यांचं पत्रक छापणार होत्या. त्यांचा मेसेज आला : ‘तुमचा काळ्या समुद्री गोगलगायीचा फोटो घेतलाय. डेंड्रोडोरिस नायग्राच ना? सोमवारी छपाई.’

त्या ‘ना?’नं माझी झोप उडवली.

फोटो मी गेल्या हिवाळ्यात मंगळूरजवळ सोमेश्वरच्या खडकांवर काढला होता आणि निरीक्षणांच्या एका संकेतस्थळावर नावासकट टाकला होता. तिघांनी ‘सहमत’ही म्हटलं होतं. पण डेंड्रोडोरिस फ्युमाटा म्हणून तिची एक बहीण आहे. तीही तशीच काळी, मऊ, बिनशंखाची. फरक पाठीवरच्या कल्ल्यांत. नायग्राचे कल्ले पुष्कळ आणि बारीक, घट्ट गुच्छात. फ्युमाटाचे मोजके पण मोठे, जवळजवळ अंगाच्या कडेपर्यंत पसरणारे. माझ्या फोटोत ते मिटलेले होते. मग मी नायग्रा कशावरून लिहिलं? काळी होती, म्हणून!

दम्यामुळे चौथीपर्यंत मला आत्यानं घरीच शिकवलं. तिच्या वर्गात चूक चालायची, अंदाज चालायचा नाही. दोन दिवस माझं तोंड बघून ती म्हणाली, “चल ग, जाऊन बघून येऊ. सुम्मने, उगाच फोन पुसत किती बसशील?”

शुक्रवारी सकाळी मैसूरहून लाल बस धरली. जाणाऱ्या बायकांनो, साध्या सरकारी बसला आपल्याला पैसे लागत नाहीत, पण कर्नाटकातला पत्ता असलेलं आधार कार्ड हवं आणि शून्य रुपयांचं तिकीट जपून ठेवावं लागतं. मी ते पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं आणि येलवाल यायच्या आत दोनदा तपासलं.

“पळून जाईल का ते?” आत्यानं विचारलं.

मडिकेरीला बस वीस मिनिटं थांबते. इडली बरी, चटणी पातळ. त्यापुढच्या घाटात मी डोळे मिटून बसले आणि आत्यानं माझ्या वाटणीचा वडाही संपवला. मंगळूरला पोचायला संध्याकाळ झाली. तोक्कोट्टूजवळ नऊशे रुपयांत दोघींना स्वच्छ खोली मिळाली.

दुसऱ्या दिवशीची ओहोटी सकाळी साडेसहाची. अमावास्येच्या आसपास जा, तेव्हा पाणी खूप आत जातं. उजाडता उजाडता रिक्षा केली.

“एवढ्या सकाळी देवळात?” रिक्षावाल्यानं कन्नडमध्ये विचारलं.

“नाही, गोगलगाय बघायला,” आत्या म्हणाली.

“कुठून आलात?”

“मैसूर.”

“मडिकेरी वाटेतच होतं की, अम्मा! तिथं पावलापावलाला गोगलगायी.”

सोमेश्वरचे खडक निसरडे आहेत आणि लाटा न सांगता येतात. पट्ट्याच्या चपला घाला, समुद्राकडे पाठ करू नका आणि उचललेला दगड होता तसाच परत ठेवा. पाऊण तासानं एका उथळ डबक्यात ती सापडली. अंगठ्याएवढी, काळीकुट्ट. मी वाकले, आत्याही वाकली, तिची सावली पडली आणि कल्ले झटकन आत गेले.

“आत्या, सावली!”

“अय्यो, मी कुठं काढून ठेवू ती?”

ती पलीकडे जाऊन बसली. मी गुडघ्यांवर, श्वास रोखून. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पाय बधिर झाला. पाणी वर यायला लागलं. एका लाटेनं माझी सलवार पार भिजवली.

“ऊठ ग आता!”

“दोन मिनिटं!”

“समुद्राला सांग!”

तेवढ्यात ते उघडले. सहा मोठे पिसाऱ्यासारखे कल्ले, पार कडेला टेकलेले. फ्युमाटा! मी चार फोटो काढले आणि हात वर करून ओरडले, “आत्या, माझं चुकलं होतं! फ्युमाटाच आहे!”

आत्यानं मला ओढून कोरड्या खडकावर नेलं, फोन घेतला, जुना फोटो पाहिला, नवा पाहिला.

“ही फ्युमाटा, बरोबर,” ती म्हणाली. “पण तुझ्या फोटोतली ती हीच कशावरून?”

दोनशे पन्नास किलोमीटर येऊन मी एका भलत्याच गोगलगायीची चौकशी केली होती. जुनीचे कल्ले मिटलेले ते मिटलेलेच.

तोक्कोट्टूच्या हॉटेलात गरम बन्स, म्हणजे केळ्याच्या गोड पुऱ्या, खात मी शाळेच्या बाईंना लिहिलं : ‘माझं आधीचं नाव अंदाजानं दिलेलं होतं. माफ करा. तो फोटो काढून हा घ्या. ही फ्युमाटा, कल्ले स्वतः मोजलेत.’ लिहायला अर्धा तास लागला. बाईंचं उत्तर अर्ध्या मिनिटात आलं : ‘बरं झालं! हा जास्त छान आहे.’

मैसूरला परतल्यावर संकेतस्थळावर जुन्या फोटोखालचं ‘नायग्रा’ काढलं आणि नुसतं ‘डेंड्रोडोरिस’ ठेवलं. पंधरा मिनिटांत त्या तिघांनीही आपापलं मत बदललं. एकानंही का ते विचारलं नाही. वर्षभर ते तिघं सहमत आहेत म्हणून मला धीर होता, आणि ते तिघं नुसते माझीच री ओढत होते, म्हणजे मीच होते.

पत्रक छापून झालं, फ्युमाटा त्यात झकास दिसते. जुना फोटो मात्र अजून अर्ध्या नावानं तिथंच आहे. आत्या मधूनमधून विचारते, “कुणी पुढचं नाव लिहिलं?”

“नाही.”

“मग ठीक आहे,” म्हणते आणि भाजी निवडायला बसते.