शेवटच्या पंगतीतला ब्रिगेडियर

दिगंबर गेल्याची बातमी त्याच्या सुट्टीवर आलेल्या मुलीनेच फोनवर दिली. "काका, बाबा सकाळी चहा घेता घेता गेले..." एवढंच ती बोलली. मी पायात चपला अडकवून तसाच निघालो. बोरीत आमची घरं एकाच गल्लीत. शाळेत एका बाकावर बसायचो. पुढे तो फौजेत अधिकारी झाला, मी एसटीत कंडक्टर. त्याने सरहद्द सांभाळली, मी जिंतूर-परभणी गाडीतली गर्दी. कोणाचं काम जास्त अवघड, हा आमचा वाद शेवटपर्यंत मिटला नाही.

कधी लडाख, कधी आसाम... सुट्टीत यायचा तो पाव्हण्यासारखा. ब्रिगेडियर होऊन निवृत्त झाल्यावर पुण्यात राहील असं सगळ्यांना वाटलं होतं, पण तो वहिनींना घेऊन सरळ गावी आला. पहिल्याच हरिनाम सप्ताहात काल्याच्या जेवणाला गावाने त्याला मानाने पहिल्या पंगतीत बोलावलं. हा पठ्ठ्या हात जोडून बाजूला उभा. "तुमचं होऊ द्या, मी मागून बसतो." पुढे लग्नात तेच, बारशात तेच. लोकांना तो अपमान वाटला. "साहेबाला आमचं अन्न चालंना," "लय मोठा झालाय आता," अशी कुजबुज सुरू झाली आणि हळूहळू आवतणं यायची थांबली. ज्या गावासाठी पुणं सोडलं, तेच गाव त्याला दुरावायला लागलं. बोलायचा नाही, पण त्याच्या जिवाला ते फार लागलं होतं.

एका संध्याकाळी मी त्याला झाडलंच. "दिग्या, पहिल्या पंगतीला बसायला तुला काय धाड भरलीय?"

तो म्हणाला, "जवान जेवल्याबिगर अधिकाऱ्यानं ताटावर बसायचं न्हाई. सारी नोकरी तसंच केलं रे. आता पहिल्या पंगतीला घासच उतरंना."

मला हसू आलं आणि गलबलूनही आलं. "मग हात बांधून कशाला उभा ऱ्हातो? आपल्याकडं मागून जेवतेत ते घरचे. अन् घरच्यानं वाढायचं असतंय."

पुढच्या काल्याला त्याने बाह्या सारून वरणाची बादली उचलली. वाढण्यात मात्र अगदीच कच्चा. निम्मं वरण पत्रावळीत, निम्मं सरपंचाच्या धोतरावर. सरपंच म्हणाले, "साहेब, दमानं. लढाई न्हाई ही." अख्खी पंगत हसली, तोही हसला. त्यानंतर आवतण कधी चुकलं नाही. कुणाकडे कार्य असलं की निरोप यायचा, "साहेब, वाढायला या." तेव्हा त्याचा चेहरा काय खुलायचा... पदक मिळालं तेव्हा तरी एवढा खुलला होता का, ते वहिनींनाच ठाऊक.

तेराव्याला मांडवात पत्रावळी मांडल्या, पण कोणी बसेना. सरपंच म्हणाले, "आमी मागून बसतो." शेजारचा म्हणाला, "मी बी मागूनच." जो तो वाढायला उभा. मुलगी नोकरीनिमित्त बाहेरगावी राहिलेली; ती घाबरून माझ्याजवळ आली.

"काका, काही चुकलं का आपलं? पंगतीला कोणीच कसं बसत नाही?"

"चुकलं न्हाई, पोरी," मी म्हणालो. "सगळे घरचेच हायेत."