पंचावन्न, पंच्याहत्तर आणि मधलं

गारखेड्यात आमच्या भिंतीला लागून मंगल कार्यालय उभं राहिलं आणि माझ्या वडिलांचं ऐकणं बंद झालं. ते पाचोडची शेती भावाकडे देऊन माझ्याकडे राहायला आले होते. दोन्ही कानांत मशीन. मशीनला काय, ते माणसाचा आवाज मोठा करतं तसा डीजेचाही करतं. लग्न असलं की वडील मशीन काढून डबीत ठेवायचे. त्याच वेळी नात शाळेतल्या गमती सांगायला यायची, आणि ते नुसते तिच्या ओठांकडे बघत बसायचे. लग्नसराईत रोज हेच.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. प्रयोगशाळेतला आवाज मोजायचा मीटर आणला आणि आमच्या खिडकीत धरला. पंच्याहत्तर डेसिबल. वस्तीत दिवसाची मर्यादा पंचावन्न. मी कॉलनीची बैठक बोलवायला लावली, कार्यालयाच्या शेठलाही बोलावलं.

"वीसच तर जास्त हाय, सर," अध्यक्ष म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. वीसच म्हणे! हे काय मेथीच्या जुड्या मोजणं आहे? डेसिबल लॉगॅरिदमनं चालतो. आकडा दहानं वाढला की आवाजाची ताकद दहापट होते, आणखी दहानं वाढला की तिच्याही दहापट. म्हणजे वीस जास्त म्हणजे शंभरपट. मी फळा मागवून हे लिहून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मग आमच्याकडं नेहमी होतं तेच झालं. भांडण बांधाचं असो नाहीतर सोयरिकीचं, दोघांच्या मधलं काढलं की न्याय झाला.

"सरांचं पन नाय, शेठचं पन नाय," अध्यक्ष म्हणाले. "मधलं घ्या. पासष्ट."

"अहो, पासष्ट म्हणजे मर्यादेच्या दहापट," मी जवळजवळ ओरडलोच.

कार्यालयाचा मालक शांतपणे उठला. अख्ख्या बैठकीत माझा धडा त्या एकट्याला नीट कळला होता. "सर, तुमच्याच हिशोबानं आम्ही शंभरावरून दहावर आलो. दहातले नऊ भाग सोडले. तुमी काय सोडलं?"

लोक हसले. चहा आला. कायदा मोडणाऱ्यानं थोडा कमी मोडला म्हणून त्याचं कौतुक, आणि कायदा सांगणारा आडमुठा. याचा संताप अजून जात नाही.

पुढच्या लग्नाला मी मीटर धरला. बरोबर पासष्ट. मालक शब्दाला पक्का होता. आत नात वडिलांना शाळेतल्या नाटकाचं सांगत होती. पुढचं गाणं वाजायला लागलं तसा त्यांचा हात कानाकडं गेला. त्यांनी दोन्ही मशीनं काढली, डबीत ठेवली आणि तिला म्हणाले, "थांबलं की ये माय, मंग सांग."

ती अभ्यासाला निघून गेली. पुढं पुढं तिनं यायचंच सोडलं.