अळणी भात आणि अंडी

तोंडावर मी तिला आई म्हणत असे, इथे सासूच म्हणते. तिच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

माझे यजमान मांडवी बंदरातल्या एका गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. धिप्पाड माणूस, ताटात मासळी नसेल तर जेवलो नाही म्हणणारा. एका पावसाळ्याच्या तोंडी गलबत किनाऱ्यावर ओढून, झावळ्यांनी शाकारून घरी आले ते सुजलेला चेहरा घेऊनच. पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. डॉक्टरला बोलावलं. त्याने काचेच्या नळीत लघवी घेतली, स्पिरिटच्या दिव्यावर तापवली, आणि आमच्या डोळ्यांदेखत ती पांढरी साकळली.

डॉक्टर म्हणाला, अंड्यातल्या पांढऱ्यासारखा अंश शरीरातून वाहून जातो आहे, मूत्रपिंडं थकली आहेत. मासळी, अंडी, डाळी, कुळीथ सगळं बंद, मीठही बंद. भात, साबुदाणा, भोपळा, रताळं, केळी यांवर राहायचं. बरे होणार नाहीत, पण मूत्रपिंडांवरचं ओझं कमी केलं तर बरीच वर्षं काढतील. मला त्यातलं एवढंच ऐकू आलं, बरीच वर्षं. सासूला ऐकू आलं अंडं. त्या शहाण्याला दुसरी उपमा सुचली नाही, हा रागही मी अजून बाळगून आहे.

दुसऱ्या दिवसापासून घरात माझी बदनामी सुरू झाली. मी अळणी भात वाढायची आणि सासू दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची की सुनेने पोराला साधूबैरागी केलाय. मिरकरवाड्यातली नातेवाईक मंडळी आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने कशी येणार? कोणी तिसऱ्या शिंपल्यांचं सार आणी, कोणी कुळथाचं कढण. मी ते सगळं दारातच परत करायची. माणसं तोंडावर हसून जायची आणि पाणंदीत पोचली की मला शिव्या घालायची. मला त्याचं काही वाटत नव्हतं. यजमानांची मळमळ थांबली होती, सूज उतरत होती. गणपतीत ते स्वतःच्या पायांनी बंदरावर जाऊन आले.

नंतर मात्र पुन्हा सगळं बिघडलं. ओकाऱ्या, अंगाला खाज, बसल्या जागी झापड. मी भात आणखी कमी केला, दूध तोडलं. कोंबड्या अंडी घालीनाशा झाल्यात असं सासू म्हणायची, तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही. एका सकाळी विहिरीवरून लवकर परतले. ते सासूने दिलेली पेज पीत होते. वाडग्यात पांढरे धागे तरंगत होते. गरम पेजेत अंडं फोडून घातलं की होतात तसे.

मी सासूला विचारलं. तिने लपवलंसुद्धा नाही.

"अंगातनं जातंय ते भरून नको काढाया, गो? घागरीला भोक पडलं तर पाणी घालायचंच सोडशील?"

मी तिला काय काय बोलले ते लिहीत नाही. मग यजमानांकडे वळले. चव तर त्यांना कळतच होती, इतके दिवस गप्प का बसलात, म्हटलं. त्यांनी वाडगा खाली ठेवला.

"आई घालते, मी पितो. तू वाढतेस, मी खातो. मला कोणाशी भांडायचं नाही."

समुद्रावर खलाशांना दरडावणारा माणूस घरात असा. त्या क्षणी मला त्यांचाही संताप आला. मी मात्र त्यांच्यासाठी अख्ख्या गावाशी भांडत होते.

त्या दिवसापासून पेज मीच देऊ लागले, पण उशीर झाला होता. होळीच्या आत ते गेले. पथ्याने किती वर्षं मिळाली असती कोण जाणे. नंतर भेटलेल्या डॉक्टरांनीही मला एकसारखं सांगितलेलं नाही. पण काही मिळाली असती, आणि ती माझी होती.

समाचाराला आलेल्या बायकांतली एक माझ्यादेखतच म्हणाली, "भात नि भोपळ्यावर उपाशी मारलान् त्याला." मी सासूकडे पाहिलं. त्याच्या पेजेत अंडी जात होती, हे ती एका शब्दाने सांगू शकली असती. तिने डोळ्यांना पदर लावला आणि मान डोलावली.

ती खोटं वागली असती तर मला सोपं गेलं असतं. पण तिला ते खरंच वाटत होतं. अंडी कमी पडली, सुनेने थांबवली, म्हणून मुलगा गेला, असंच ती शेवटपर्यंत धरून बसली. ते तिच्या अंड्यांनी गेले, असं मी धरून बसले आहे. त्यानंतर कित्येक वर्षं आम्ही दोघी त्याच चुलीवर रांधत होतो आणि एकमेकींना वाढत होतो.