चुरोचं जेवणखाण

लॉकडाऊनचे किस्से सगळ्यांकडेच आहेत. कुणाचे ब्रेड भाजल्याचे, कुणाचे झूमवर म्यूट विसरल्याचे. नेदरलँड्समधल्या आमच्या डेल्फ्टच्या घरातले मात्र सगळेच्या सगळे उंदरांचे! एक सांगायला घेतला की दुसरा आठवतो, आणि ऐकणाऱ्याच्या हातातला समोसा तसाच राहतो.

घरात आम्ही तिघं. मी पीएचडीवाली, फेमके नावाची डच मुलगी आणि स्पेनचा पाब्लो. शिवाय पाब्लोचा साप, चुरो. नारिंगी, बिनविषारी, स्वभावानं गरीब. पाब्लो चार दिवसांसाठी आईवडिलांकडे गेला आणि विमानं बंद झाली!

त्याचा व्हिडिओ कॉल आला. "फ्रीझरचा खालचा खण उघड. चुरोचं जेवण आहे."

उघडला. पिशवीत पांढरे उंदीर, गाढ झोपल्यासारखे. त्याच्या वरच्या खणात माझा मटार!

"पाब्लो, मी अंडंसुद्धा खात नाही!"

"मग? तुला कुठं खायचेत?"

*

फेमके कामसू. तिनं उंदीर उचलला तो थेट मायक्रोवेव्हमध्ये. बोट बटणावर.

"थांब!" पाब्लो फोनमधून किंचाळला. "बाहेरून शिजेल, आत बर्फच राहील. फुटेलसुद्धा!"

त्याच मायक्रोवेव्हमध्ये मी रोज वरणभात गरम करत होते. त्याच दिवशी चुरोचं भांडं, चिमटा, हातमोजे सगळं वेगळं काढलं आणि भांड्यावर मार्करनं मोठी कवटी काढली. फेमकेनं ती बघितली आणि तिला मिशा काढल्या.

*

पद्धत तशी सोपी. उंदीर पिशवीत बंद करून आदल्या दिवशी फ्रिजमध्ये ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पिशवीसकट गरम पाण्यात, पण उकळत्या नाही. पहिल्या वेळी फेमके म्हणाली, "मऊ लागतोय, झालं!" चुरोनं गिळलाही. आणि दोन दिवसांनी उलटून टाकला.

तो वास मी सांगणार नाही.

पाब्लोनं फोनमधून चुरोला सगळीकडून बघितलं. मग म्हणाला, "आतून गार राहिला असणार. आता काही दिवस त्याला उपाशीच ठेवा. पुन्हा असं झालं तर..."

चुरो कोपऱ्यात वेटोळं घालून पडला होता. मी ठरवलं, काहीही होवो, हा साप आपल्या घरात मरणार नाही! पुढच्या खेपेला माझ्या गाइडनं नेमकी त्याच वेळेला मीटिंग लावली. मी म्हटलं, "सर, जमणार नाही."

"का?"

"स्वयंपाक आहे."

*

पण पाणी किती गरम? घरात थर्मामीटर होता तो तापाचा, आणि तो उंदराला लावायला फेमके तयार नव्हती. मी सांगलीला आईला फोन लावला.

"अगं, कोपर बुडवून बघ," आई म्हणाली. "तुला आंघोळ घालायच्या आधी मी तसंच बघायचे. पण कुणाला घालतेयस आंघोळ?"

"उंदराला."

"मेलेला आहे ना?"

"हो. सापाला द्यायचाय."

"मग देण्याआधी नीट पुसून दे. ओला नको देऊस बिचाऱ्याला."

उंदराचं पोट दाबून बघितलं, आत गारठा नाही ना याची खात्री केली, पुसला आणि चिमट्यानं पुढं धरला. चुरोनं झडप घातली! आम्ही दोघी काचेसमोर श्वास रोखून. दोन दिवस उलटले, तरी उंदीर पोटातच होता. फेमके रडली. मी रडले नाही, मी भांडं घासत होते.

*

पाब्लोचं काम ऑनलाइनच चालू होतं, म्हणून तो अजून स्पेनमध्येच होता. उन्हाळ्यात फ्रीझर बंद पडला. वितळलेले उंदीर पुन्हा गोठवायचे नसतात. ते टाकले. तळाचे अजून दगडासारखे होते, आणि ते वाचवायलाच हवे होते: दुकानांत माल येत नव्हता, नवे कधी मिळतील कोण जाणे. मी मास्क लावून खालच्या मजल्यावरच्या यान्सेनबाईंचं दार वाजवलं. वय ऐंशीच्या पुढं, एकट्या. मोडक्या डचमध्ये म्हटलं, "थोडं मांस ठेवायचंय तुमच्या फ्रीझरमध्ये."

त्यांनी पिशवीत डोकावून बघितलं. मी पळायच्या तयारीत.

"आमचे हे मासे धरायचे," त्या म्हणाल्या. "पन्नास वर्षं माझ्या फ्रिजमध्ये लोण्याशेजारी गळाला लावायच्या अळ्या होत्या. आण इकडे!"

*

हिवाळ्यात नियम आला, घरात दिवसाला एकच पाहुणा. यान्सेनबाईंचा वाढदिवस होता. मुलगा आर्नहेमहून यायचा होता. त्याला त्यांनी फोनवर सांगितलं, "तू पुढच्या आठवड्यात ये. आजचा पाहुणा ठरलाय."

मला वाटलं, मीच! केस धुतले, नवा कुर्ता घातला.

"तू नाही," त्या म्हणाल्या. "चुरो."

फेमकेनं आणि मी काचेची पेटी त्याच्या हीटरसकट खाली नेली, दाराच्या आत ठेवली आणि मागं सरलो. बाईंनी आदल्या दिवशीच उंदीर फ्रिजमध्ये काढून ठेवला होता. दुपारी त्यांनी स्वतःच गरम केला, पुसला आणि चिमट्यानं भरवला. आम्हाला बाहेर पायरीवर केकचा एकेक तुकडा मिळाला.

संध्याकाळी आम्ही पेटी न्यायला गेलो. बाईंनी दार अर्धंच उघडलं.

"जेवलेल्या सापाला दोन दिवस हलवायचं नसतं," त्या म्हणाल्या. "एवढंही माहीत नाही तुम्हाला?"

आणि दार लावून घेतलं.