तुळजाबाईची द्वाही

तर सावकाराचा माणूस कुलूप घेऊन पुढं झाला आणि तुळजाबाई उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "सरकारची द्वाही आहे." इथवर काल आलोच होतो. द्वाही म्हणजे लहानसहान गोष्ट नव्हे. पेशवाईतल्या पुण्यात कुणा गरिबानं सरकारच्या नावानं द्वाही दिली, की समोरचा कितीही मातबर असो, हात तिथंच थांबायचा. न्याय होईतो त्या वस्तूला कुणी शिवायचं नाही. शिवला, त्याचा दावा बुडाला.

पण ती देणाऱ्यालाही तितकीच लागू. कोतवालीचे शिपाई आले, दाराला कुलूप घालून मोहर केली, आणि बाई आपल्याच घराबाहेर. समोर संपत तांबटाचा ओटा होता. तिथं पत्रावळी लावत बसायचं आणि बंद दाराकडं बघायचं, एवढंच उरलं.

कसब्यातलं ते दोन खणांचं घर नवऱ्यानं, मच्छिंद्रनं, स्वतः माती तुडवून उभं केलेलं. दुखण्यात त्यानं ते सदाशिव पेठेतल्या दिगंबरपंतांकडं गहाण टाकलं. अक्षय्यतृतीयेच्या आत फेड झाली नाही, तर घर पंतांचं. मच्छिंद्र गेला. तुळजाबाईनं अंगावरचं सोनं मोडून रक्कम वेळेत नेली, तर पंत काशीला गेलेले. मालकाशिवाय आपण हात लावत नाही, म्हणून कारकून श्रीनिवासपंतानं तिला परत पाठवलं. पंत दसऱ्याला आले, पेठेत गंगोदक वाटलं, आणि मुदत टळली म्हणून घरावर माणूस धाडला. पुण्य करायला गेले ते बरंच किफायतशीर पडलं म्हणायचं.

दावा न्यायाधीशांपुढं गेला. पंच म्हणतील ते कबूल, असा राजीनामा, म्हणजे संमतीचा कागद, दोघांनी लिहून दिला, जामीन दिले, जबान्या झाल्या. मग गाडं अडलं ते साक्षीपाशी. रक्कम खरंच आली होती, हे सांगू शकणारा एकटा श्रीनिवासपंत. आणि तो सावकाराची चाकरी सोडून फौजेबरोबर उत्तरेत गेलेला. मोहीम परतेल तेव्हा साक्ष, असं ठरलं.

दुसऱ्या पावसाळ्यात घराची मागची भिंत फुगली. बाई चावडीवर परवानगी मागायला गेली. तिथं म्हणाले, पंचांना विचारा. पंच आपापल्या गावी. भिंतीचा एक पोपडा गळाला आणि आतली माती वाहू लागली, तेव्हा तिनं पत्रावळी बाजूला सारल्या, शेणमाती कालवली आणि भर दिवसा, सगळ्या आळीदेखत, भिंत लिंपायला घेतली.

संपत धावत आला. "वहिनी, अहो, तुमचीच द्वाही तुम्हीच मोडता? सावकाराची माणसं बघतायत."

"मग पावसालाही द्वाही दे जा," ती म्हणाली, आणि हात थांबवला नाही.

दिवाळीनंतर फौज परतली. श्रीनिवासपंतानं शपथेवर खरं तेच सांगितलं. पंचांचं मनही तिच्याकडं झुकलं. एवढ्यात सावकाराचा गुमास्ता उठला आणि त्यानं भिंतीची हकीकत मांडली. रीत सगळ्यांना ठाऊक होती, आणि ती तिच्या विरुद्ध होती.

घर तिलाच मिळालं. मुद्दल घेऊन पंतांना गहाणखत फाडावं लागलं. द्वाही मोडल्याचा दंडही तिला झालाच, आणि तो तिनं कुरकूर न करता भरला. पण पंचांना रीत बाजूला ठेवावीशी वाटली ती त्या दिवशीच्या तिच्या उत्तरामुळं. न्यायाधीश शास्त्रीबुवांनी विचारलं होतं, बाई, निवाड्याआधी त्या घराला हात का लावलात? भिंत आपली समजून?

तुळजाबाई डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, "नाही, शास्त्रीबुवा. घर कुणाचं ते आपण ठरवायचं, म्हणून दोन वर्षं मी दारात पाऊल टाकलं नाही. पण उद्या आपण ते पंतांना दिलं असतं, तरी माझ्या माणसानं बांधलेलं घर पडकं म्हणून त्यांच्या हाती जायला नको होतं."